नाकासमोर चालणाऱ्यांची थोरवी

महाराष्ट्रानं संतांचा गौरव केला, शाहिरांचा केला, मल्लांचा केला. अलीकडे खवय्यांचाही सुरू केलाय. मोबाइल हातात धरून गल्लोगल्ली मिसळ खात फिरणाऱ्यांना आता लोक रस्त्यात ओळखतात आणि त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. पण ज्यांच्या जोरावर आपल्या पंगती, आपल्या सोयरिकी आणि आपल्या हाउसिंग सोसायट्या आजवर टिकून आहेत, ती माणसं उपेक्षितच राहिली. मी न खाणाऱ्यांविषयी बोलतोय. उपाशी राहणाऱ्यांविषयी नव्हे. पानात काय वाढलंय ते न बघता, न चाखता, केवळ वाऱ्याची दिशा ओळखून ‘शी!’ म्हणणाऱ्यांविषयी.

चाखून मत देणं यात मोठं ते काय? जीभ असलेला कुणीही देईल. न चाखता ठाम मत द्यायला घराणं लागतं. चाखणाऱ्याचं मत दुसऱ्या घासाला बदलू शकतं, तिसऱ्या घासाला तो वाटी पुढे करतो, आणि असल्या माणसाचा भरवसा कुणी धरावा? न चाखणाऱ्याचं मत मात्र मुंजीत जे असतं तेच साठीशांतीला असतं. समाजाला स्थैर्य हवं असेल तर ते अशाच माणसांकडून मिळतं.

माझंच बघा. मी शेपू कधीही खाल्लेली नाही, त्यामुळे शेपूबद्दल मी अगदी निःपक्षपातीपणे बोलू शकतो. शेपू वाईट असते. मूगडाळ नि लसूण घालून ती कितीही सात्त्विक चेहऱ्यानं पानात येवो, कढईवरचं झाकण निघायच्या आत तिची वर्दी जिन्यापर्यंत पोचलेली असते, आणि खाणाऱ्याला संध्याकाळपर्यंत तिचे ढेकर येत राहतात. (हे मला खाणाऱ्यांनीच सांगितलं, वर आनंदानं सांगितलं.) वडिलांना शेपू आवडत नसे, आजोबांनाही नसे. आमच्या तीन पिढ्यांत कुणाच्याच जिभेला ती शिवलेली नाही. मग ती नेमकी कशामुळे आवडत नाही, हा प्रश्न आमच्याकडे उद्धटपणाचा मानतात. स्वीडनमध्ये उकडलेल्या बटाट्यांवर शेपू भुरभुरवल्याशिवाय उन्हाळा साजरा होत नाही. त्यांची त्यांना लखलाभ.

या विद्येचं प्राथमिक शिक्षण घरात होतं, पदवी मिळते ती सोयरिकीत. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न कोल्हापूरच्या मुलाशी ठरलं. पुण्याला काकूंकडे केळवण झालं. पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, सगळं यथासांग. जावईबापूंनी वाटीतले दोन घोट घेतले, थोडा विचार केला, आणि पाव्हण्यानं बोलावं तसं हळूच म्हणाले, “काकू, बासुंदी बेस्ट झालीय. आमटी असली तर वाढा की वाईच.”

“अहो, ती आमटीच आहे,” काकू म्हणाल्या. “चिंचगुळाची.”

पुढची दहा मिनिटं पंगतीत फक्त पंख्याचा आवाज होता. पण जावईबापूंचा मोठेपणा असा, की त्यांनी ‘छान आहे’ म्हटलं नाही. तसं म्हणाले असते तर आयुष्यभर त्यांना तीच आमटी मिळाली असती आणि दोन्ही घरांत गैरसमजातून प्रेम वाढलं असतं.

परतफेडीला काका कोल्हापूरला गेले. तिथं एका वाटीत तांबडा रस्सा, एकीत पांढरा. तांबड्याच्या पहिल्या घोटाला काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला उचकी लागली. “काका, पांढरा घ्या. त्यात चटणीच न्हाई,” असं म्हणून व्याह्यांनी त्यांची वाटी भरली. पांढऱ्यात चटणी नसते हे खरंच आहे. मिरी, लवंग, आलं, लसूण आणि हिरवी मिरची असते. काकांनी घरी आल्यावर जाहीर केलं, की त्या लोकांना चव म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्या लोकांनीही त्याच सुमारास तेच जाहीर केलं होतं. दोन घराण्यांचं इतकं एकमत हुंड्याच्या बोलणीतसुद्धा होत नाही. लग्न झालं आणि टिकलंही. नवराबायको दोघं इडली खातात.

इथं आग्रहाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण नाक मुरडणारा आणि आग्रह करणारा एकाच घरात नांदतात, पुष्कळदा एकाच देहात. पाव्हण्याचं ‘नको’ हे ‘लाजतोय’ असं ऐकण्याची कला आपल्या बायकांना आणि त्यांच्याहून जास्त आपल्या आत्यांना अवगत आहे. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून वाढता येतं. कारल्याच्या बाबतीत तर ‘रक्त शुद्ध होतं’ एवढं म्हटलं की पुढचा युक्तिवाद संपतो. आवडणाऱ्यानं खाल्लं तर त्यात पुण्य कसलं? न आवडणाऱ्याला खायला घातलं तरच अन्नदान सार्थकी लागतं.

काही उथळ लोक म्हणतात, की या गोष्टींना शास्त्राचा आधार नाही. उलट, सगळं शास्त्र आमच्याच बाजूनं आहे. 1931 च्या सुमारास अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बमाइड नावाची पूड हाताळत होते. पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्यानं तक्रार केली की तोंड कडूजहर झालं. फॉक्सना चवच लागेना. मग त्यांनी ती इतरांना चाखायला दिली. काहींना कडू लागली, काहींना खडूसारखी नुसतीच. हा फरक आईबापांकडून येतो हे लवकरच कळलं, आणि 2003 मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. कोबी, मोहरी यांच्या कुळातल्या भाज्या एकाला कडवट लागतात आणि शेजारच्याला लागत नाहीत, त्यात या जनुकाचा हात आहे. कोथिंबिरीचंही तसंच. काही लोकांना ती चक्क साबणासारखी लागते. तिच्यात आल्डिहाइड या जातीची संयुगं असतात आणि तसलीच साबणाच्या वासातही सापडतात. ज्यांच्या नाकातला एक विशिष्ट ग्राहक ती जास्त टिपतो, त्यांच्या पोह्यांवर आपण रोज प्रेमानं साबण भुरभुरतो. एखादा भाबडा माणूस यावरून असा निष्कर्ष काढील, की प्रत्येकाच्या तोंडात वेगळी दुनिया असते, तेव्हा दुसऱ्याच्या पानाबद्दल जरा बेतानं बोलावं. आम्ही असा काढतो, की आमची जीभ जन्मतःच बरोबर आहे आणि आता त्याचं सर्टिफिकेटही आलंय.

दुसरा प्रयोग तर आमच्या पंथाचा मूलग्रंथ म्हणून लावावा असा आहे. 2001 मध्ये रेचल हर्झ आणि जूलिया फॉन क्लेफ या दोघींनी काही लोकांना एकाच मिश्रणाचा वास दोन वेळा दिला. एकदा सांगितलं, हे पार्मेजान चीज. एकदा सांगितलं, ही ओकारी. वास तोच, बाटलीतला द्रव तोच. पण चीज म्हटल्यावर लोकांना तो बरा वाटला आणि ओकारी म्हटल्यावर त्यांनी तोंडं फिरवली. यावरून काय ठरतं? नाक बिचारं निरोप्या आहे, निकाल नावावर लागतो. आणि निकाल नावावरच लागणार असेल तर वास घेण्याची तरी तसदी कशाला? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पदार्थाचं नाव, तो रांधणाऱ्याचं गाव आणि त्याचं आडनाव एवढ्यावर निकाल देत आलो, तेव्हा लोक आम्हाला मागासलेले म्हणत. प्रयोगशाळेला आमच्यापर्यंत पोचायला 2001 साल उजाडावं लागलं, इतकंच.

त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्या आया गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या तान्ह्यांनी पुढे गाजराच्या चवीची पेज जास्त खुशीत खाल्ली. म्हणजे खरा गर्भसंस्कार मंत्रांच्या सीडीतून होत नाही, स्वयंपाकघरातून होतो. बाळ जन्माला यायच्या आधीच त्याला आपल्या जातीची आमटी ठाऊक असते. मग त्याला दुसऱ्याची आवडली नाही तर त्यात त्याचा दोष तो काय?

परदेशातही आमची कदर होते. स्वीडनमधल्या माल्मो शहरात 2018 साली किळसवाण्या पदार्थांचं चक्क संग्रहालय उघडलं. तिकीट म्हणून हातात जी पिशवी देतात ती ओकारीची असते. विमानात पुढच्या खुर्चीला खोचलेली असते ना, तशी. आत आइसलंडचा हाकार्ल आहे. ग्रीनलंड शार्कचं ताजं मांस विषारी, म्हणून ते आधी आठवडेच्या आठवडे आंबवतात आणि मग काही महिने टांगून सुकवतात. शेवटी त्याला अमोनियाचा असा दर्प सुटतो, की नवख्याला नाक चिमटीत धरून खायचा सल्ला देतात. सार्डिनियाचं कासू मार्झू आहे, म्हणजे जिवंत अळ्या असलेलं चीज. अळ्या उडी मारतात, म्हणून खाणारे पावावर हाताचा आडोसा धरतात. कायद्यानं ते विकायला बंदी आहे आणि म्हणूनच ते मिळवण्यात तिथले लोक अभिमान मानतात. ड्युरियन आहे, जो सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला मनाई आहे. आणि घरचा आहेर म्हणून स्वीडनचं स्वतःचं सुरस्ट्रोमिंगही आहे. हे म्हणजे बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे कमी मिठात आंबवून डब्यात भरायचे, ते डब्यातही आंबत राहतात आणि डबा फुगतो. 2006 मध्ये दोन मोठ्या विमान कंपन्यांनी हे डबे स्फोटक ठरवून विमानात न्यायला बंदी केली. अशा संग्रहालयात कुठल्याही देशाचा माणूस आला की सगळ्या कपाटांसमोर नाक दाबून फिरतो आणि आपल्या गावच्या पदार्थासमोर आला की म्हणतो, “हे इथं कशाला ठेवलंय?” मला त्या माणसाला एकदा कडकडून भेटायचंय.

आमच्या शुद्धतेचा कळस मात्र तिथं नाही, तो आमच्या आषाढीच्या ताटलीत आहे. एरवी कांदा-लसणाच्या वाऱ्यालाही उभं न राहणारं घर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खातं. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला ज्या कंदापासून बनतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरचीही अमेरिका खंडांतलीच, पोर्तुगिजांनी गलबतातून आणलेली. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाही वारकऱ्यासमोर ही ताटली ठेवली असती तर त्यानं ‘हे काय आहे?’ असंच विचारलं असतं. जिरं तेवढं जुन्या दुनियेतलं, आणि नेमकं तेच ‘उपासाला चालतं का?’ यावर जावाजावांत वाद होतो. कोथिंबीर तर कित्येक घरांत चालतच नाही. पेरूहून आलेला बटाटा चालतो, परसातली कोथिंबीर बाटवते. हे तर्काला धरून नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी उपास करू नये. पोटाचे हाल करून तर्क सांभाळणं म्हणजे दोन्ही उपास एकदम.

हिंगाबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्या पंथाचं ते मानचिन्ह आहे. हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळाला चीर दिल्यावर पाझरणारा चीक. भारतात त्याची लागवड करायचा प्रयत्न लाहौलच्या थंड खोऱ्यात सुरू झाला तोच मुळी 2020 मध्ये. त्याच्या दर्पाला कारण गंधकाची संयुगं. युरोपातल्या कित्येक भाषांनी त्याला सैतानाची विष्ठा असं नाव देऊन टाकलंय. आमच्या घरी तो एका डबीत, ती डबी एका डब्यात आणि तो डबा सगळ्यांत वरच्या फळीवर असतो. तरी खालच्या फळीवरच्या साखरेला वास लागतोच. हा वास नव्हे, हा दरवळ. फोडणीत पडल्यावर तो जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत जातो, तेव्हा शेजारपाजारच्यांनी प्रसन्न व्हावं अशी अपेक्षा असते. चौथ्या मजल्यावरून खाली येतो तो मात्र वास.

खाली येतो तो सुक्या बोंबलांचा. आमची सोसायटी मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ असं छापूनच फ्लॅट विकले गेले. समुद्र दिसावा एवढंच ठरलं होतं, त्याचा वास यावा असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. खिडकीतून बघितलं तर कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवावर बोंबील जोडीजोडीनं लटकलेले दिसतात, तोंडात तोंड अडकवून. इथं कोळी आमच्या कितीतरी आधीपासून राहतात हे खरं, पण पार्किंग आमचं आहे. माशाचा तो वास ज्यामुळे येतो ते ट्रायमिथाइलअमीन. मासा पाण्याबाहेर आला की जिवाणू त्याच्या अंगातल्या एका निरुपद्रवी संयुगापासून ते तयार करतात. ते अल्कधर्मी असल्यानं आंबटाला दबतं, म्हणून कोळणी माशाला चिंच, लिंबू नाहीतर कोकमाचं आगळ चोळतात. हे रसायनशास्त्र त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या कोण जाणे. आमच्या कमिटीत दोन केमिकल इंजिनीअर आहेत, त्यांनी रूम फ्रेशनर सुचवला.

गेल्या उन्हाळ्यात वासाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा कमिटीनं शोधमोहीम काढली. सेक्रेटरी पुढे, मागे आम्ही, मागे वॉचमन. प्रत्येक दाराच्या फटीला नाक लावून मजले चढलो. पहिल्यावर फणस पिकायला ठेवला होता. दुसऱ्यावर कुणीतरी मुळ्याची कोशिंबीर डब्यात विसरून गावाला गेलं होतं. तिसऱ्यावर लोणच्याची फोडणी. चौथ्यावर, जिथं बोंबील खाणारं एकुलतं कुटुंब राहतं, तिथं उदबत्ती. गच्चीवर पोचलो तेव्हा वास सगळ्यांत जोरात होता आणि समोर फक्त ओहोटीचा समुद्र. समुद्राला नोटीस देता येत नाही, त्याचा मेंटेनन्स नंबर नाही. त्यामुळे ती परंपरेप्रमाणे चौथ्या मजल्यावरच देण्यात आली. त्या घरातल्या आजीबाईंनी ती वाचून घेतली आणि विचारलं, “दादा, आज एकादशी. आम्ही काय बी शिजवलंच न्हाय, मग वास कसला आला?” सेक्रेटरींनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं, की नोटीस वासाबद्दल नाही, वासाच्या शक्यतेबद्दल आहे.

याला कायद्याचा आधारही आहे. 1981 मध्ये जर्मनीत एका भाडेकरूनं जिन्यात सुरस्ट्रोमिंगच्या डब्यातलं पाणी सांडलं आणि घरमालकानं त्याला तडकाफडकी बाहेर काढलं. प्रकरण कोलोनच्या कोर्टात गेलं. मालकाच्या बाजूनं भर कोर्टात एक डबा फोडण्यात आला. कोर्टानं वास घेतला, आणि शेजाऱ्यांनी हे सोसावं अशी अपेक्षा करता येणार नाही असं म्हणत मालकाच्या बाजूनं निकाल दिला. निकाल योग्यच आहे. फक्त पद्धत जरा कच्ची वाटते. न्यायाधीशांनी आधी वास घेतला आणि मग निकाल दिला. एवढा वेळ आमच्या कमिटीकडे नसतो.

आमच्याच मजल्यावरचा एक दोन खोल्यांचा फ्लॅट चार महिने रिकामा आहे. बँकेतली नोकरी, दोन माणसं, तीन महिन्यांचं डिपॉझिट द्यायची तयारी, असे भाडेकरू येऊन गेले. पण बोलता बोलता त्यांचं गाव रेवदंडा निघालं आणि मालकांना अचानक फ्लॅट मुलासाठी लागला. मुलगा कॅनडात आहे. पाणी चोवीस तास, लिफ्ट आहे, समुद्र दिसतो. इच्छुकांनी संपूर्ण आडनाव आणि रविवारचा मेनू लेखी कळवावा.